‘दिले’ या क्रियापदावरून झालेली फजिती

निवृत्त झाल्यावर शिकवण्या घ्यायच्या नाहीत असं मी ठरवलं होतं, आणि हा निर्णय इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितला होता की आमच्या सोसायटीच्या वॉचमनलाही तो पाठ झाला होता. तेहतीस वर्षं मी पनवेलच्या एका ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवला. त्यातली पहिली पाच वर्षं मुलं ऐकत होती, पुढची अठ्ठावीस माझ्या नोट्सवर भागवत होती. त्या नोट्सचा मला फार अभिमान. एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे त्या मिळायच्या. त्याने माझी परवानगी कधी घेतली नाही आणि मीही तक्रार केली नाही, कारण गठ्ठ्यावर तो जाड मार्करने नुसतं ‘सरांच्या नोट्स’ असं लिहायचा. कोणते सर हे लिहायची गरजच नाही एवढं आपलं नाव, असा माझा समज. बायकोच्या मते त्याला माझं नाव आठवत नसावं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, सकाळी बेल वाजली. दारात दोघीजणी उभ्या. पुढे पंचविशीची मुलगी, हातात स्कूटीची चावी. मागे पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई, हातात भरलेली कापडी पिशवी.

“सर, शिकवणीसाठी आलोय,” मुलगी म्हणाली.

“मी शिकवण्या घेत नाही. कितवीला आहेस तू?”

“मी बी.कॉम. झालेय. सासूबाईंना शिकायचंय. बारावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय त्यांनी.”

“मी नाय भरला,” मागून सासूबाई म्हणाल्या. “हिनं भरला. मी खाली सही केली.”

मी माझा निर्णय दुसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून आली. तिने आधी पिशवीकडे पाहिलं, मग त्या दोघींकडे. पिशवीत वालाच्या कोवळ्या शेंगा होत्या, शेतातून त्याच सकाळी तोडलेल्या. “अगं, या ना आत, दारात काय उभ्या,” असं म्हणून तिने पिशवी घेतली. शेंगा आत गेल्या आणि माझा निर्णय बाहेर राहिला.

ताई (मी त्यांना ताईच म्हणू लागलो) रोडपालीच्या बाजूच्या एका जुन्या गावातल्या. घरची भाताची खाचरं होती, खाडीच्या अंगाला मिठागर होतं. नवं शहर उभं राहायला लागलं तेव्हा बहुतेक जमीन त्यात गेली. बदल्यात मिळालेल्या भूखंडावर आता चार मजली इमारत आहे आणि तिच्यात तळोज्याच्या कारखान्यांत पाळीवर जाणारी भाडेकरू कुटुंबं राहतात. ताई गावातल्या बचत गटाच्या अध्यक्ष. दहावी चांगल्या गुणांनी पास झाल्या, त्याच उन्हाळ्यात लग्न ठरलं आणि शाळा सुटली. सुनेला कपाट आवरताना त्यांचं दहावीचं गुणपत्रक सापडलं.

“मला इचारते, पुढं का नाय शिकलात? म्हटलं, लगीन ठरलं. तर म्हनते, आता कोनाचं ठरतंय?” ताई मला सांगत होत्या. “यावर काय बोलनार तुमीच सांगा.”

जाच करणाऱ्या सासवा मी बऱ्याच ऐकल्या होत्या, सासूला जाच करणारी सून पहिल्यांदाच पाहिली. धडा वाचून झाल्याशिवाय सासूबाईंना मालिका पाहायची परवानगी नव्हती. रिमोट सुनेच्या पर्समध्ये असायचा.

मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी अकरा ही वेळ ठरली. ताई यायच्या, वहीला नवं कव्हर, दोन पेनं, चष्मा पुसून डोळ्यावर. मी शिकवायचो आणि त्या खरोखर ऐकायच्या. तेहतीस वर्षांत ज्या गोष्टीची सवय मोडली होती ती अचानक समोर आल्यावर माणसाची धांदल उडते. माझी उडाली. वर्गात मी ज्या ठिकाणी विनोद करायचो तिथे त्या हसायच्या नाहीत आणि जिथे मी गंभीर असायचो तिथे पदर तोंडाला लावायच्या.

डिसेंबरात आम्ही वसाहती स्वतंत्र झाल्याच्या प्रकरणाशी आलो. हे माझं आवडतं प्रकरण. मी जगाचा नकाशा भिंतीवर लावला, युरोपातल्या चार-पाच देशांनी कुठे कुठे राज्य केलं ते पट्टीने दाखवलं. आफ्रिकेवर पट्टी थांबली तशा ताई उठून जवळ आल्या.

“सर, ह्या रेघा अशा सरळ कशा? नदी नाय, डोंगर नाय, मधूनच सरळ?”

मी सांगितलं, युरोपातले लोक टेबलाभोवती बसले, नकाशा पुढे घेतला आणि वाटे केले. रेघ कुठून जाते, खाली कोणाची गावं आहेत, हे बऱ्याच जणांना ठाऊकसुद्धा नव्हतं.

“आमच्याकडं पन नकाशाच आला होता आधी. मानसं मागनं आली,” ताई म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या.

मी नोट्स काढल्या आणि सांगायला सुरुवात केली. “लिहा. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने आपल्या वसाहतींना टप्प्याटप्प्याने स्वातंत्र्य दिले. फ्रान्सनेही आफ्रिकेतील आपल्या वसाहतींना स्वातंत्र्य दिले. हॉलंडने...”

ताईंचं पेन थांबलं.

“दिलं म्हंजे?”

“म्हणजे दिलं. स्वातंत्र्य दिलं.”

“पन सर, ते त्यांचं होतं का?”

“काय?”

“जे दिलं ते. त्यांचं होतं का द्यायला?”

मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणालो, “तसं नाही ताई. ही लिहायची पद्धत आहे. परीक्षेत असंच लिहितात.”

“तुमी म्हनाल तसं,” त्या म्हणाल्या. हे वाक्य माझी बायकोही वापरते, त्यामुळे त्याचा अर्थ मला माहीत आहे.

मग वहीत पाहतच त्या म्हणाल्या, “आमच्या सासऱ्यांना प्लॉटचा कागद मिळाला ना, तवा मंडप घातला होता. सायेब आले होते. एकेकाचं नाव घेत होते, वर बोलवत होते. सासरे गेले, सायेबांनी कागद हातात दिला, हार घातला, फोटो काढला. सासऱ्यांनी हात जोडले. तो फोटो हाय अजून भिंतीवर. फोटोत ते असे वाकलेले हायत. गावात सगली म्हनतात, सायेबांनी प्लॉट दिला. मी नवीन लगीन होऊन आलेली, मी पन तेच म्हनायची. एकदा सासूनं मला इचारलं, अगो, जमीन कोनाची होती?”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला होता. म्हणजे बायको ऐकत होती.

“फोटो भिंतीवरून काढून ठेवला नाही का मग?” मी विचारलं.

“का काढायचा? सासरे हायत ना त्यात,” ताई म्हणाल्या. “मी लिवते सर. सांगा पुढं.”

त्या गेल्यावर मी नोट्स घेऊन बसलो. त्यांना कुठेतरी चूक दाखवता येईल अशी आशा होती. पहिल्या पानापासून वाचत गेलो. केनियाच्या जंगलात लपून लढलेले लोक माझ्या नोट्समध्ये होते. अल्जीरियातलं सात-आठ वर्षांचं युद्ध होतं. घानातले संप, तुरुंग, निवडणुका, सगळं होतं. मी काही सोडलं नव्हतं. आणि प्रत्येक ठिकाणी शेवटी, लोक लढून, तुरुंगात जाऊन, मरून झाल्यावर, मी न चुकता लिहिलं होतं : अखेर अमुक देशाने स्वातंत्र्य दिले. दोन ठिकाणी तर ‘बहाल केले’ होतं. ‘बहाल’ मी कुठून आणलं होतं देव जाणे. कदाचित ‘दिले’ फार वेळा आल्यामुळे भाषा नटवायला.

“काय झालं एवढं?” बायकोने चहा ठेवत विचारलं.

“काही नाही. नोट्स जरा जुन्या झाल्यात.”

“तेहतीस वर्षांनी कळलं हे?” ती म्हणाली. “पोरं बिचारी आधीच सांगत होती, तुम्ही त्यांना बाकावर उभं करत होतात.”

मी दोन दिवस घुश्शात होतो. शुक्रवारी मात्र ताई आल्या तेव्हा मी तयारीत होतो. म्हटलं, “ताई, तुमचं बरोबर आहे, पण पूर्ण बरोबर नाही. काही ठिकाणी लोकांनी लढून घेतलं. काही ठिकाणी बोलणी झाली, निवडणुका झाल्या, दोन्ही बाजू कशाबशा एका टेबलावर आल्या. आणि काही ठिकाणी राज्यकर्त्यांना ते राज्य परवडेना, म्हणून ते घाईघाईने गाशा गुंडाळून निघाले. आपल्याकडे यातलं थोडं थोडं सगळंच झालं. एका शब्दात बसत नाही ते.”

“मंग तीन शब्द लिवा,” त्या म्हणाल्या.

एवढं सोपं होतं. आम्ही त्या दिवशी नकाशा खाली उतरवून सतरंजीवर पसरला आणि एकेक देश घेत गेलो. लढून घेतलं, ठरवून घेतलं, टाकून गेले. ताई विचार करून सांगायच्या, मी दुरुस्त करायचो, मग कधी त्या मला दुरुस्त करायच्या. इंडोनेशियावरून तर आमचं चांगलंच वाजलं. लोकांनी आधी स्वातंत्र्य जाहीर केलं, हॉलंडने ते चार वर्षांनी मान्य केलं, मग स्वातंत्र्य कधीपासून धरायचं? मी मान्यतेची तारीख सांगत होतो. ताई म्हणाल्या, “पोर जन्मल्यावर का दाखला आल्यावर?”

त्याच दिवशी मी त्यांना गिनीची गोष्ट सांगितली. फ्रान्सने आफ्रिकेतल्या आपल्या वसाहतींना विचारलं होतं, आमच्याबरोबर राहता की लगेच वेगळं व्हायचंय? बाकी सगळ्यांनी राहतो म्हणून मत दिलं. एकट्या गिनीने नाही म्हटलं. मग फ्रेंच अधिकारी असे रागावले की जाताना कचेऱ्यांतले टेलिफोन उपटून नेले, फायली जाळल्या, दिव्यांचे बल्बसुद्धा काढून नेले, असं सांगतात.

ताई इतक्या हसल्या की बायको हात पुसत बाहेर आली.

“बल्ब?” ताई म्हणाल्या. “सर, खरंच बल्ब? आमचा धाकटा दीर येगला निघाला तवा त्यानं न्हानीघरातला बल्ब नेला होता! मला वाटायचं आपलीच मानसं असली.”

जानेवारीत त्यांनी आम्हा दोघांना पोपटीला बोलावलं. त्यांच्या इमारतीमागे थोडी जागा अजून मोकळी आहे. मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला लावायचा, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरायची, तोंडाशी परत पाला कोंबायचा, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती काटक्या-गवताचा जाळ करायचा. आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन कलत होतं आणि बचत गटाच्या सात-आठ बायका जाळाभोवती बसल्या होत्या. एक म्हातारीही होती. डोंगराकडच्या वाडीवरची, ताईंच्या शेतावर वर्षानुवर्षं मजुरीला येणारी. आयुष्य वीटभट्टीवर आणि दुसऱ्यांच्या शेतात गेलेलं. त्या दिवशी शेंगा तिनेच तोडल्या होत्या.

मला वाटलं, सरांची ओळख वगैरे करून देतील. तसं काही झालं नाही. एक मडकं उघडून झालं होतं, दुसरं भाजेपर्यंत वेळ होता, आणि कोणीतरी ताईंना विचारलं, “काय शिकतंस गो आता?” तशा ताईंनी सांगायला सुरुवात केली. आफ्रिकेतल्या सरळ रेघा. जंगलातले लढवय्ये. मत द्यायला रांगेत उभी राहिलेली गिनीची माणसं. माझे दोन तास त्यांनी दहा मिनिटांत बसवले, आणि वर्गात जे मला कधी जमलं नाही ते त्यांना जमलं : बायकांनी शेंगा सोलायच्या थांबवल्या. तपशिलात एक-दोन चुका होत्या. फ्रान्सच्या अध्यक्षांना त्यांनी ‘त्यांचा मोठा सायेब’ केलं होतं आणि टेलिफोनबरोबर पंखेही नेले होते.

“पंखे नाहीत,” मी म्हणालो.

“सर, खावा,” ताई म्हणाल्या आणि माझ्या हातात गरम बटाटा ठेवला.

गोष्ट संपल्यावर बल्बवर हसणं झालं. मग म्हातारीने विचारलं, “मंग नंतर बरं झालं का त्यांचं?”

सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. म्हणजे आता मात्र मी सर होतो.

यावर माझ्याकडे चार पानांची टिपणं आहेत. उठाव, लष्करी राजवटी, भाव पडलेली पिकं, सरळ रेघांमुळे झालेली भांडणं. बटाटा या हातातून त्या हातात करत मी म्हणालो, “काहींचं बरं झालं आजी. काहींचं नाही झालं. काही देशांत नंतर आपल्याच माणसांनी हाल केले.”

म्हातारीने मान हलवली. तिला यात नवल वाटलं नसावं. “मंग त्यांनी परत बोलावलं का त्या गोऱ्यांना? या म्हनून?”

“नाही.”

“कोनीच नाय?”

“तसं एका लहानशा बेटाने...” मी म्हणालो, कारण ते खरं आहे, असं एक बेट आहे, पण बायकोने मला कोपराने असं ढोसलं की वाक्य तिथेच राहिलं.

“कोणीच नाही,” मी म्हणालो.

“मंग झालं,” म्हातारी म्हणाली आणि काठीने मडक्याभोवतीचा विस्तव बाजूला करायला लागली. मडकं तयार होतं.

घरी येताना रिक्षात मी बायकोला म्हटलं, त्या बेटाचं सांगायला हवं होतं, इतिहासात अपवाद महत्त्वाचा असतो. ती म्हणाली, “त्या आजीला तुमचा अपवाद घेऊन काय करायचा होता?” नखांत भांबुर्ड्याचा वास राहिला होता, आणि म्हातारीचा ‘परत बोलावलं का’ हा साधा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता.

परीक्षा फेब्रुवारीत झाली. ताईंचं केंद्र पनवेलच्याच एका शाळेत होतं. पहिल्या दिवशी त्या वर्गात शिरल्या तशी सगळी मुलं उठून उभी राहिली आणि “गुड मॉर्निंग मॅडम” म्हणाली. ताई गांगरून म्हणाल्या, “बसा बसा, मी पन तुमच्यातलीच.” मागून खऱ्या पर्यवेक्षक बाई आल्या, तेव्हा त्यांच्यासाठी कोणी उठलं नाही.

इतिहासाच्या पेपरला मी स्वतः शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. सून आधीच स्कूटीवर बसून नखं खात होती. पेपर सुटला, मुलं बाहेर आली, सगळ्यात शेवटी ताई. चेहऱ्यावरून काही कळेना.

“वसाहतींचा प्रश्न आला होता?”

“आला ना. मोठा. मी तीनी परकार लिवले. उदाहरनं पन दिली.”

“गिनी लिहिलं?”

ताईंनी पदराने कपाळ पुसलं. “सर, नावच आठवेना हो त्या देशाचं. लय आठवलं. मंग लिवलं, आफ्रिकेतील एक देश, याचे नाव मला आता आठवत नाही, परंतु गोष्ट खरी आहे.”

मी डोक्याला हात लावला. सून म्हणाली, “आई, असं लिहितात का उत्तरपत्रिकेत?”

“अगो, खोटं नाव लिवन्यापरीस बरं ना?”

मी त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तपासनिसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं. दोनशे उत्तरपत्रिका, सगळ्यांत ‘सरांच्या नोट्स’, आणि मधेच हे एक वाक्य. मी किती गुण दिले असते? मला खात्रीने सांगता आलं नाही. जो कोणी होता, त्याचं भलं होवो, कारण निकाल लागला तेव्हा ताईंना इतिहासात शंभरात अठ्ठ्याहत्तर होते. सुनेला बारावीला तिच्या सगळ्यात चांगल्या विषयात त्याहून कमी होते, आणि हे ताईंनी तिला दिवसातून किती वेळा सांगायचं यावर पुढे घरात वाटाघाटी झाल्या.

बाकी सगळे विषय सुटले, इंग्रजी राहिलं. पाच गुणांनी.

“बगा,” ताई सोफ्यावर बसत म्हणाल्या. “इंग्रज गेले, आनि हे ठेवून गेले.”

हे दुःख मोठं होतं, पण त्यावर मी काही करू शकत नव्हतो, कारण माझं इंग्रजी इतिहासाच्या तारखांपुरतं आहे. बायको मात्र तीस वर्षं एका कंपनीच्या ऑफिसात इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळत होती. तिने माझ्याकडे न पाहताच सांगितलं, “जुलैला परत बसा. मी शिकवते. मंगळवार-शुक्रवारच ठेवू, पण इथे नाही, आत.”

त्यानंतर दोन महिने माझ्या घरात शिकवणी होती आणि मला तिथे मज्जाव होता. दोघी स्वयंपाकघरात ओट्याशी बसायच्या. मी हॉलमध्ये पेपर तोंडासमोर धरून कान आत लावून असायचो. काळ, विशेषणं, अर्ज कसा लिहायचा, आणि मधूनमधून दोघींचं हसणं. एकदा पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो तर ताई वहीत एक वाक्य खोडत होत्या. बायको म्हणाली, “तुमचं काही काम आहे का?” मी पाणी न पिता परत आलो.

ऑगस्ट संपता संपता जुलैच्या परीक्षेचा निकाल लागला. दुपारी सून एकटीच पायऱ्या चढत आली, मोबाइल पुढे धरून, आणि दारातच रडायला लागली. मला वाटलं गेलं पुन्हा. पडद्यावर पाहिलं तर पास होत्या. ताई पाच मिनिटांनी आल्या, त्यांना वाटेत भाजीवाली भेटली होती. त्यांनी आधी सुनेचे डोळे पुसले, मग माझ्या बायकोला मिठी मारली, मग मला वाकून नमस्कार करायला लागल्या. मी मागे सरकलो. म्हटलं, “वाकायचं नाही ताई.” त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या, मग सरळ उभ्या राहिल्या आणि हात पुढे केला. आम्ही हस्तांदोलन केलं. मला वाटतं, आयुष्यात मी इतक्या अवघडलेपणाने कोणाचाच हात हातात घेतला नसेल.

चहा झाल्यावर सुनेने पिशवीतून आणखी एक फॉर्म काढला. बी.ए.चा, घरी बसून शिकायचा. सही करायच्या जागेवर तिने आधीच पेन्सिलीने खूण करून ठेवली होती.

“विषय कोणता?” मी विचारलं. आवाज शक्य तेवढा सहज ठेवला होता. मनात म्हटलं, नवी टिपणं काढायची, यावेळी क्रियापदं बघून.

“अर्थशास्त्र,” ताई म्हणाल्या.

“इतिहास नाही?”

“इतिहास झाला की सर,” त्या समजूत घातल्यासारख्या म्हणाल्या. “आता पुढचं बगू.”

बायको खिडकीकडे तोंड करून हसत होती. मी फॉर्म हातात घेतला, त्यावरचं नाव-पत्ता नीट वाचला, पिनकोडचा एक आकडा चुकला होता तो दाखवला. तेवढंच माझ्या विषयातलं शिल्लक होतं.